लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंह भगत

सुरुंग हा शब्द आपल्या इतिहासांत जागोजाग आढळतो. सन १६६० मध्यें शाएस्तेखानानें चाकणचा किल्ला घेतला, तो बुरुजाखालीं सुरुंग खणून व त्यांत दारू ठासून. पुढें युद्धाचीं साधनें बदललीं. सुरुंग रस्त्याच्या मातीखालीं पुरले जाऊं लागले, आणि ते हुडकून काढून सैन्यास वाट मोकळी करून देणें हें लष्करी एंजिनियरांचें कर्तव्य ठरलें. तें कर्तव्य प्राणपणानें बजाविणाऱ्या प्रेमिंद्रसिंह भगत यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

भगत यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१८ रोजीं गोरखपूर येथें झाला. वडील सरकारी एंजिनियर होते. डेहराडूनच्या लष्करी विद्यालयांत व पुढें तेथीलच लष्करी अकॅडमींत त्यांचें शिक्षण झालें. टेनिसमध्यें ते अग्रेसर होते; परंतु मुलगा हुशार असून निष्काळजी आहे, असा शिक्षकांचा अभिप्राय होता. १९३८ सालीं पितृछत्र हरपलें आणि त्यांची वृत्ति पालटली. पुढच्याच वर्षीं, खडकी येथें ठाणें असलेल्या मुंबई सॅपर्स अँड मायनर्स या दलांत ते अधिकारी झाले.

दुसऱ्या महायुद्धांत त्यांची रवानगी आफ्रिकेंत झाली. १९४१ च्या जानेवारीअखेर अबिसीनियाच्या सरहद्दीवरील मेटेम्मा हातीं आलें व माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याचा पाठलाग सुरू झाला. शत्रूनें वाटेंत ठिकठिकाणीं सुरुंग पेरून ठेविले होते. उशीर करावा तर शत्रु निसटणार. घाई करावी तर मागून येणारें सैन्य प्राणांस मुकणार! बावीस वर्षांचे भगत सर्वांत पुढच्या चिलखती गाडींत बसले. चार दिवस, पहांटेपासून सायंकाळपर्यंत, ५५ मैलांच्या वाटेवर त्यांनीं सुरुंग पेरलेलीं पंधरा क्षेत्रें हुडकून मोकळीं करविलीं. दोनदां त्यांची गाडी स्फोटानें उडाली व सोबत्यांची हानि झाली. एकदां दबा धरून बसलेल्या शत्रूनें जवळून गोळीबार केला. एका कानाचा पडदा फाटला. शरीर थकून गेलें. तरी दुसऱ्याच्या हातीं काम सोंपवून विसांवा घेण्याचें त्यांनीं नाकारलें. या कामाची माहिती आतां आपणांसच अधिक झाली आहे, तेव्हां तें शेवटास नेणें आपणांसच योग्य, एवढेंच त्यांचें कारण होतें. आम्हांस या चरित्रांतील हाच क्षण सर्वांत थोर वाटतो. कारण त्यांत शौर्याची प्रौढी नाहीं, जबाबदारीची जाणीव आहे.

या पराक्रमाबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कमिशन मिळालेल्या हिंदी अधिकाऱ्यांत दुसऱ्या महायुद्धांतील हा मान प्रथम त्यांचा. स्वतंत्र भारतांत ते लेफ्टनंट जनरलच्या पदास चढले. लष्करी सेवेनंतर १९७४ सालीं त्यांनीं दामोदर खोरे मंडळाचें अध्यक्षपद स्वीकारलें. परंतु २३ मे १९७५ रोजीं त्यांचें अकालीं निधन झालें.

विद्यार्थ्यांनो, ज्या मुलाला शिक्षकांनीं निष्काळजी म्हटलें, त्यानेंच पुढें असें काम पत्करलें कीं ज्यांत क्षणभराचा निष्काळजीपणा म्हणजे अनेकांचा मृत्यु! पालकांसही आमची विनंति आहे कीं, प्रगतिपुस्तकांतील एका शेऱ्यानें निराश होऊं नये, आणि आम्हां शिक्षकांनींही तो शेरा अखेरचा मानूं नये.