रंगीत स्क्रीनला नाही म्हणत गुन्पेई योकोईने गेमबॉय बनवला, आणि तोच सगळ्यांना पुरून उरला

नवीन मोबाईल घेताना आपण आधी काय बघतो? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, प्रोसेसर कुठला. आकडा जेवढा मोठा तेवढी वस्तू भारी, असं आपलं साधं गणित असतं.

जपानमध्ये एक इंजिनीअर असा होऊन गेला, ज्याला हे गणितच मान्य नव्हतं. त्याचं नाव गुन्पेई योकोई. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जत्रेत विटा रचायचा जो ब्रिक गेम मिळायचा, तो दिसायला ज्या गेमबॉयसारखा होता, तो गेमबॉय याच माणसाच्या टीमने बनवला.

योकोईचा जन्म १९४१ चा, क्योतो शहरातला. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ मध्ये तो निन्टेंडोत लागला. तेव्हाची निन्टेंडो म्हणजे पत्ते बनवणारी कंपनी. योकोईचं काम होतं पत्त्यांच्या मशिनी नीट चालतायत ना हे बघणं.

कामात वेळ जाईना म्हणून त्याने कारखान्यातच एक खेळणं बनवलं. मूठ दाबली की पुढे लांब होणारा आणि वस्तू पकडणारा हात. नेमके कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची फेरी मारायला आले आणि त्यांनी ते पाहिलं. योकोईला वाटलं आता बोलणी बसणार. पण यामाउचींनी त्याला हेच खेळणं विकायला तयार कर म्हणून सांगितलं. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ बाजारात आलं आणि १० लाखांहून जास्त नग विकले गेले.

पुढे १९६९ मध्ये त्याने ‘लव्ह टेस्टर’ काढलं. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांनी यंत्राचे गोळे पकडायचे, की काटा प्रेम किती ते दाखवणार. आत काय होतं? अंगातून जाणारा बारीकसा करंट मोजणारं साधं मीटर. तंत्रज्ञान शाळेच्या प्रयोगशाळेतलं, पण मुला-मुलींना हात धरायला कारण मिळालं.

इथून योकोईचं मत पक्कं होत गेलं. लोणचं जसं मुरल्यावर चवीला लागतं, तसं तंत्रज्ञानही मुरलेलं घ्यावं. ते स्वस्त झालेलं असतं, त्यातल्या खोड्या सगळ्यांना माहीत झालेल्या असतात. डोकं लावायचं ते त्याचा आजवर कुणी न केलेला उपयोग शोधण्यात.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे ‘गेम अँड वॉच’. एकदा बुलेट ट्रेनमध्ये योकोईला एक नोकरदार माणूस दिसला. कंटाळा घालवायला तो कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. योकोईला वाटलं, मोठ्या माणसालाही चारचौघांत गुपचूप खेळता येईल असं खिशात मावणारं काहीतरी हवं.

पुढे एक दिवस यामाउचींचा ड्रायव्हर आजारी पडला आणि गाडी चालवायची वेळ योकोईवर आली. गाडीत त्याने ही कल्पना बोलून दाखवली. काही दिवसांतच शार्प कंपनीशी बोलणी सुरू झाली. कॅल्क्युलेटरच्या कंपन्या तेव्हा एकमेकांचे भाव पाडत होत्या, त्यामुळे त्यातल्या एलसीडी स्क्रीन स्वस्त झाल्या होत्या. १९८० मध्ये पहिला ‘गेम अँड वॉच’ आला. वेगवेगळे खेळ मिळून एकूण ४ कोटी ३० लाखांहून जास्त नग खपले.

१९८२ च्या ‘डाँकी काँग’ गेमसाठी योकोईने अधिकच्या चिन्हासारखं चपटं बटण बनवलं, कारण उभी दांडी खिशात मावत नव्हती. गेमच्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली आजही तेच बटण असतं.

मग आला १९८९ चा गेमबॉय. रंगीत स्क्रीन तेव्हा शक्य होती. त्याच वर्षी अटारीने रंगीत ‘लिंक्स’ काढला, पुढच्या वर्षी सेगाने ‘गेम गियर’. योकोईच्या गेमबॉयची स्क्रीन मात्र हिरवट, चारच छटांची आणि मागून लाईट नसलेली. खेळ रंगला की रंग नसल्याचं विसरायला होतं, असं त्याचं म्हणणं होतं.

आणि हिशोब सरळ होता. गेम गियरला ६ पेन्सिल सेल लागायचे आणि ते ३ ते ५ तासांत संपायचे. गेमबॉय ४ सेलवर १० तासांहून जास्त चालायचा, शिवाय स्वस्तही होता. पोराने सेल मागितले की पैसे आईबापाच्या खिशातून जातात, हे योकोईला कळलं होतं. गेमबॉय आणि नंतरचा गेमबॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त नग विकले गेले. गेम गियर १ कोटीच्या आसपास थांबला.

पण याच विचाराने योकोईला एकदा तोंडावरही पाडलं. १९९५ मध्ये त्याने डोळ्यांना लावून बघायचा ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. लाल एलईडी स्वस्त आणि कमी बॅटरी खाणाऱ्या, म्हणून सगळं चित्र लाल. टेबलावर ठेवून, मान वाकवून खेळायचं. लोकांचं डोकं आणि डोळे दुखू लागले. वर्षभरात तो बंद पडला, ८ लाख नगही खपले नाहीत. स्वस्त भाग वापरून भागत नाही, वापरणाऱ्याला त्रास झाला तर सगळं फुकट, हे त्यातून दिसलं.

ऑगस्ट १९९६ मध्ये योकोईने निन्टेंडो सोडली. अपयशामुळे गेला अशी चर्चा झाली, पण ते त्याने स्वतः नाकारलं. ‘कोतो’ ही स्वतःची कंपनी काढून तो बांदाई कंपनीसाठी ‘वंडरस्वान’वर काम करू लागला. तो एका पेन्सिल सेलवर चालणार होता.

४ ऑक्टोबर १९९७ ला तो ज्या गाडीत होता, तिची महामार्गावर एका ट्रकशी किरकोळ टक्कर झाली. नुकसान बघायला तो खाली उतरला आणि मागून आलेल्या गाडीने त्याला उडवलं. वय होतं ५६.

वंडरस्वान १९९९ मध्ये आला. त्यावरच्या एका गेमला त्याच्याच नावावरून ‘गुनपे’ नाव दिलं गेलं. आणि निन्टेंडोने २००६ मध्ये ‘वी’ काढला, तेव्हा ताकदीत तो सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या मशिनींच्या कितीतरी मागे होता. पण हात हलवून खेळता येतं म्हणून आजी-आजोबाही खेळायला उतरले, आणि १० कोटींहून जास्त ‘वी’ विकले गेले.