वाट मोकळी करणारा वीर

युद्ध म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे धडधडणाऱ्या तोफा, दौडत जाणारे रणगाडे आणि शत्रूवर तुटून पडणारे सैनिक उभे राहतात. परंतु ज्या वाटेने हे रणगाडे जावयाचे, त्याच वाटेवर शत्रूने आधी मृत्यू पेरून ठेवलेला असला तर? मग सैन्य कितीही मोठे असो, त्याला जागच्या जागी थांबावे लागते. अशा वेळी सर्वांच्या पुढे जाऊन, जमिनीवर गुडघे टेकून, हातांनी माती उकरीत तो मृत्यू वेचून काढणारे काही शूर पुरुष असतात. शत्रू त्यांच्यावर गोळ्या झाडीत असतो. पण हातातले काम टाकून बंदूक उचलण्याचीही त्यांना सवड नसते. परमवीर रामा राघोबा राणे हे अशाच वीरांपैकी एक होत.

राणे ह्यांचे घराणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. कारवारचा मुलूख त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. आज तो कर्नाटक राज्यात आहे. रामा ह्यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. वडील राघोबा हे पोलीस शिपाई होते. पोलिसाची नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. वडिलांची बदली झाली की घर हलायचे आणि त्याबरोबर मुलाची शाळाही सुटायची. त्यामुळे रामाच्या शिक्षणात वारंवार खंड पडला. १९३० साली देशभर स्वातंत्र्याच्या चळवळीची लाट उसळली. तेव्हा रामा बारा वर्षांचा होता. त्याचे मन त्या चळवळीकडे ओढ घेऊ लागले. सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांना मुलाची काळजी वाटू लागली आणि त्यांनी आपले कुटुंब पुन्हा चेंडियास आणले.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. १० जुलै १९४० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, राणे सैन्याच्या मुंबई अभियंता दलात भरती झाले. पुण्याजवळ खडकी येथे ह्या दलाचे ठाणे आहे. जुनी माणसे ह्या दलाला सफरमैना पलटण म्हणत. पूल बांधणे, रस्ते तयार करणे, शत्रूच्या वाटेत अडथळे उभे करणे आणि शत्रूने उभे केलेले अडथळे दूर करणे, ही सफरमैनांची कामे. ह्या कामांत बळाइतकीच बुद्धी लागते आणि बुद्धीइतकाच धीर लागतो. राणे ह्यांच्या अंगी हे तिन्ही गुण होते. प्रशिक्षणाच्या अखेरीस त्यांची सर्वोत्तम रंगरूट म्हणून निवड झाली आणि दलाच्या प्रमुखांच्या नावाने दिली जाणारी मानाची छडी त्यांना मिळाली.

लवकरच त्यांना ब्रह्मदेशात जपानी सैन्याशी लढण्यास पाठविण्यात आले. आराकान भागात बुथिडाँग येथून आपले सैन्य माघार घेत होते. मागे राहिलेला दारूगोळा शत्रूच्या हाती पडू नये, म्हणून तो नष्ट करण्याचे काम राणे ह्यांच्या छोट्या तुकडीकडे सोपविले गेले. काम पुरे होताच आरमाराच्या बोटी येऊन तुकडीला घेऊन जाणार होत्या. काम पुरे झाले. पण बोटी आल्याच नाहीत. पुढे नदी आणि सभोवती जपानी पहारे, अशी त्यांची अवस्था झाली. राणे डगमगले नाहीत. शत्रूचा पहारा चुकवून त्यांनी आपल्या माणसांसह नदी ओलांडली आणि ते आपल्या सैन्याला येऊन मिळाले. ह्या कामगिरीनंतर ते हवालदार झाले. देश स्वतंत्र झाल्यावर चारच महिन्यांनी, १५ डिसेंबर १९४७ रोजी, त्यांना सेकंड लेफ्टनंट ह्या अधिकारपदावर नेमण्यात आले.

राणे ह्यांची पुढची कामगिरी समजावयाची, तर सुरुंग म्हणजे काय हे आधी समजून घेतले पाहिजे. डोंगर किंवा विहीर फोडण्यासाठी लावलेला सुरुंग आपणांस माहीत असतो. त्याची वात पेटविण्यापूर्वी माणसे दूर जातात. युद्धातील भूसुरुंगाला वात पेटविणारा लागत नाही. स्फोटकांनी भरलेला हा डबा रस्त्यात पुरतात आणि वरून माती सारखी करतात. त्यावर दाब पडला की आतली कळ सुटते आणि स्फोट होतो. काही सुरुंग रणगाड्यांसाठी असतात. ते जड वाहनाच्या भाराने फुटतात. काही माणसांसाठी असतात. त्यांना पायाचा दाब पुरतो. ते शोधण्याचे काम फार जिकिरीचे असते. जमिनीवरून फिरविले असता खाली धातू असल्याचा आवाज देणारे यंत्र दुसऱ्या महायुद्धात वापरले गेले. परंतु लाकडी पेटीतला सुरुंग ह्या यंत्राला सहज सापडत नाही. म्हणून शोधणाऱ्याला एक टोकदार सळई जमिनीत तिरपी खुपसून हळूहळू चाचपावे लागते. सळईला काही टणक लागले की बोटांनी माती बाजूला करावयाची, सुरुंगाखाली आणखी काही दडविले आहे का हे पाहावयाचे आणि मग त्याची कळ काढून तो निकामी करावयाचा. ह्या कामात घाई चालत नाही आणि चूक सुधारण्याची संधी बहुधा मिळत नाही.

राणे अधिकारी झाले तेव्हा काश्मीरमध्ये युद्ध पेटले होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानकडून सशस्त्र टोळीवाले जम्मू-काश्मीर संस्थानात घुसले. संस्थान भारतात सामील झाले आणि भारतीय सैन्य त्याच्या रक्षणास धावून गेले. नोव्हेंबर महिन्यात राजौरी शहर हल्लेखोरांच्या हाती पडले. आजूबाजूच्या गावांतून तेथे आश्रयाला आलेले असंख्य निरपराध लोक मारले गेले. जे वाचले, ते भीतीच्या छायेत दिवस कंठीत होते. १८ मार्च १९४८ रोजी भारतीय सैन्याने झांगर हे ठाणे परत जिंकले आणि त्यानंतर राजौरी सोडविण्याचे ठरले.

नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता सुमारे ५० किलोमीटरांचा. तो डोंगरांच्या कडेकडेने नागमोडी वळणे घेत जातो. रणगाड्यांना पुढे नेणारी ही एकच वाट होती, हे शत्रूही ओळखून होता. त्याने ठिकठिकाणी चिडाची मोठमोठी झाडे तोडून रस्त्यावर आडवी पाडली होती, ओढ्यांवरच्या मोऱ्या उडवून दिल्या होती आणि रस्त्यात सुरुंग पेरले होते. वरच्या टेकड्यांवर मशीनगन रोखून तो वाट पाहत बसला होता. राजौरीतील लोकांच्या दृष्टीने एकेक तास मोलाचा होता, आणि रस्त्यावर पावलापावलाला खोळंबा होता.

८ एप्रिल १९४८ रोजी ह्या रस्त्यावरचे सुरुंग व अडथळे दूर करणाऱ्या तुकडीचे नेतृत्व राणे ह्यांना देण्यात आले. सकाळी ११ वाजता त्यांची माणसे रणगाड्यांजवळ उभी राहून काम सुरू करण्याची वाट पाहत होती. इतक्यात शत्रूने उखळी तोफांचा भयंकर मारा सुरू केला. तुकडीतील दोन जवान जागीच ठार झाले आणि पाच जण जखमी झाले. त्या पाचांमध्ये स्वतः राणेही होते. काम सुरू होण्यापूर्वीच साथीदारांचे मृतदेह डोळ्यांपुढे पडलेले, अंगातून रक्त वाहत असलेले. अशा वेळी दुसरा कोणी मागे फिरता, तरी त्याला दोष देता आला नसता. राणे ह्यांनी उरलेल्या जवानांची तत्काळ नव्याने जुळणी केली आणि ते कामाला लागले. दुपारी साडेचारच्या सुमारास डोग्रा पलटणीने बरवालीची टेकडी जिंकली. शत्रू अजून पुरता हटला नव्हता. तरीही राणे पुढे सरसावले आणि रणगाड्यांसाठी अडथळ्याला वळसा घालणारा रस्ता खोदू लागले. शत्रूच्या नजरेसमोर, गोळ्यांच्या वर्षावात हे काम रात्री १० वाजेपर्यंत चालले.

९ एप्रिलला पहाटे ६ वाजता त्यांनी पुन्हा काम हाती घेतले आणि दुपारी ३ वाजता वळणरस्ता तयार केला. रणगाडे निघाले. सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत राणे बसले. जेमतेम अर्धा मैल गेले तोच आडवी पडलेली झाडे दिसली. राणे खाली उतरले, त्यांनी स्फोटके लावून ती झाडे उडविली आणि गाडी पुढे निघाली. आणखी ३०० यार्डांवर पुन्हा तोच प्रकार! त्यापुढे उद्ध्वस्त मोरी! तेथे काम सुरू होण्यापूर्वीच वरून गोळ्यांचा मारा सुरू झाला. तरी राणे ह्यांनी बाजूने वाट काढून दिलीच. सायंकाळी सव्वासहाला, अंधार पडत असताना, पाच प्रचंड झाडांचा अडथळा आला. त्याच्या भोवती सुरुंग पेरलेले होते. राणे त्याही स्थितीत सुरुंग काढू लागले. परंतु धोका ओळखून सेनाधिकाऱ्यांनी रणगाडे रात्रीपुरते सुरक्षित जागी थांबविले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचलाच राणे त्या अडथळ्यापाशी हजर झाले आणि साडेसहापर्यंत त्यांनी तो दूर केला. ह्या कामगिरीची एक हकीकत आजही सांगितली जाते. गोळ्यांच्या माऱ्यात उघड्यावर बसून सुरुंग काढणे अशक्य झाले, तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. रणगाडा हळूहळू पुढे सरके आणि त्याच्या आडोशाने ते जमिनीवरून सरपटत सुरुंग शोधीत. दोर ओढून ते चालकाला पुढे जाण्याची वा थांबण्याची खूण करीत.

त्यापुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची रांगच होती. साडेदहापर्यंत राणे ह्यांनी तीही मोकळी केली. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ वाजता चिंगसला पोचले. जुन्या काळी मोगल बादशहा ह्याच वाटेने काश्मीरला जात. चिंगसला त्यांची सराई अजून उभी आहे. रणगाडे पुढे गेले, पण म्हणून राण्यांचे काम संपले नाही. अन्नपाणी, औषधे आणि दारूगोळा नेणाऱ्या गाड्या नदीच्या पात्रातून जाऊ शकत नव्हत्या. त्यांना रस्ताच हवा होता. जेवण नाही, विश्रांती नाही, अंगावर जखमा, अशा स्थितीत राणे रात्री ९ वाजेपर्यंत राबले. ११ एप्रिलला सकाळी ६ वाजता ते पुन्हा उभे राहिले, ११ वाजेपर्यंत त्यांनी चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला आणि रात्री १० पर्यंत ते त्यापुढची वाट साफ करीत राहिले. १२ एप्रिल १९४८ रोजी भारतीय सैन्य राजौरीत शिरले. पाच महिन्यांच्या छळानंतर तेथील वाचलेल्या लोकांनी सुटकेचा श्वास घेतला.

२६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि त्याच दिवशी परमवीर चक्र हे शौर्याचे सर्वोच्च पदक स्थापन झाले. ह्या पदकाची आकृती सावित्रीबाई खानोलकर ह्यांनी रेखाटली. त्या जन्माने युरोपातल्या, पण विवाहानंतर महाराष्ट्राच्या सूनबाई झालेल्या. हे पदक ज्या वीरांना मिळाले, त्यांतील पुष्कळांनी रणांगणावर प्राण ठेवले. राणे मात्र हा सन्मान जिवंतपणी स्वीकारणाऱ्या मोजक्या भाग्यवंतांपैकी होते. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेनंतर १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुणे येथे, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा आहे. २०२३ साली अंदमान-निकोबारमधील एका बेटालाही त्यांचे नाव देण्यात आले.

राणे ह्यांनी ज्या शत्रूशी झुंज दिली, तो मातीखालचा शत्रू अजून नाहीसा झालेला नाही. युद्ध संपल्याचे पुरलेल्या सुरुंगाला कळत नाही. तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो आणि एखाद्या शेतकऱ्याचा किंवा गुराख्याच्या पोराचा घात करतो. आपल्या महाराष्ट्रातही, १ मे २०१९ रोजी, गडचिरोली जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी रस्त्यात पुरलेल्या सुरुंगाने १५ पोलीस जवानांचा आणि त्यांच्या वाहनचालकाचा बळी घेतला. म्हणून धोक्याच्या प्रदेशांत वाहने निघण्यापूर्वी जवानांची पथके पायी जाऊन रस्ता तपासतात. स्फोटकांचा वास ओळखणारे शिकविलेले कुत्रे त्यांच्याबरोबर असतात. स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फाकून जावा, म्हणून खास वाहनांचा तळ नावेच्या तळासारखा निमुळता केलेला असतो. साधने पुष्कळ सुधारली. परंतु कोणीतरी पहिले पाऊल टाकल्यावाचून वाट अजूनही मोकळी होत नाही.

शत्रूला मारण्यासाठी शौर्य लागते, हे खरेच. परंतु आपल्या मागून येणाऱ्यांची पावले सुखरूप पडावीत म्हणून स्वतः मृत्यूच्या वाटेवर गुडघे टेकणे, आणि तेही एक क्षण नव्हे तर चार दिवस, ह्याला शौर्याबरोबर फार मोठे मन लागते. नौशेरा ते राजौरी ह्या रस्त्यावरून आज मोटारी निर्धास्त धावतात. त्या रस्त्याच्या प्रत्येक वळणावर रामा राघोबा राणे आणि त्यांच्या साथीदारांचे कष्ट मुरलेले आहेत.