तमाशाच्या नादाचा राम

मैत्रिणींनो, पोरगं गाण्याच्या नादाला लागलं की आपण धास्तावतो. माझा भाचा पुण्यात रॅप ऐकत गल्लीबोळ पालथे घालतो, म्हणून वहिनींनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. मला आठवले आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी. घर वैदिक ब्राह्मणाचं, थोरले भाऊ मुद्गल पुराण सांगणारे, आणि रामाचे पाय मात्र धोंडी शाहिराच्या तमाशाकडे! भावाने घराबाहेर काढलं. रामाने पंढरपुरात संस्कृत शिकून घेतलं, कीर्तनं केली, पण लावणी काही सुटली नाही. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६–१८१८) पुण्यात त्यांचं नाव गाजलं. १९४७ साली त्यांच्यावर सिनेमाही आला. घराला ज्याची लाज वाटली, त्याचंच नाव आज गाव अभिमानाने घेतं. वहिनींना मी एवढंच सांगितलं, की पोरासाठी दार उघडं ठेवा.