ज्यांनी थांबवले, त्यांच्याच शेजारी



६ फेब्रुवारीला आपण ज्यांचे स्मरण करतो ते संत गोन्सालो गार्सिया आपल्या महाराष्ट्रातले, वसईचे. भारताचे पहिले संत म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. जपानमध्ये क्रुसावर त्यांनी प्राण दिले, एवढेही बहुतेकांनी ऐकलेले असते. पण त्या क्रुसापर्यंत पोचण्याआधी त्यांच्या वाट्याला जे दोनदा आले, त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. आधी आपल्याच माणसांनी त्यांना दाराबाहेर ठेवले. पुढे ज्याने दार उघडले होते, त्यानेच शब्द फिरवला.

गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांची शाळा होती, तिथे त्यांचे शिक्षण झाले. (किल्ल्यात गेलात तर येशूसंघाच्या चर्चचा दर्शनी भाग आजही उभा दिसेल.) फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस यांचा या मुलावर जीव होता. १५७२ च्या सुमारास, जेमतेम पंधरा वर्षांच्या गोन्सालोंना त्यांनी आपल्याबरोबर जपानला नेले.

तिथे या वसईकर मुलाने जपानी भाषा अशी आत्मसात केली की मिशनरी त्यांच्यावर अवलंबून राहू लागले. कित्येक वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून राबले. मनात एकच इच्छा होती, आपल्याला येशूसंघात घ्यावे. ती इच्छा काही पूर्ण झाली नाही. आईचे रक्त हिंदी, हे त्यामागचे कारण असल्याचे चरित्रकार सांगतात. त्या काळात संघात इथल्या लोकांना आणि मिश्र रक्ताच्या तरुणांना सहसा प्रवेश मिळत नसे. हे मी येशूसंघाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. त्याच संघाने त्यांना अक्षरे शिकवली, श्रद्धेत वाढवले. पण म्हणूनच तो नकार किती खोल लागला असेल याचा विचार करावा. कामाला आपला, नावाला परका. हा अनुभव मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार मनात राहिला. अन्याय करणारा जितका जवळचा, तितका तो अन्याय मोठा, असे त्याचे म्हणणे. परक्याने फसवले तर माणूस सावध होतो, सख्ख्याने फसवले तर माणूस आतून मोडतो. आपल्या धर्मग्रामात घराच्या वाटणीवरून बोलणे बंद झालेले भाऊ आहेत. रविवारी एकाच मिस्सेला येतात, बाहेर पडताना मात्र दारे वेगळी धरतात. त्यांच्यातला कोण बरोबर हे ठरवायचे काम माझे नाही. पण दुखावलेल्या माणसाला मी घाईने क्षमा करायला सांगत नाही, कारण त्याचे दुखणे खोटे नसते.

गोन्सालोंनी काय केले? ते बाजूला झाले आणि व्यापारी बनले. व्यापारात पैसा आला, ओळखी वाढल्या. इथेच थांबले असते तर कोणी दोष दिला नसता. पण आतली हाक थांबली नव्हती. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपिन्समधील मनिलाला जात असत. तिथे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंशी ओळख झाली आणि त्यांनी त्या संघात प्रवेश घेतला. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे व्रतस्थ बंधू म्हणून.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानकडे वकील म्हणून पाठवले. दुभाषी हवा होता, तो गोन्सालोंच्या रूपाने मिळाला. ज्या देशात त्यांना नाकारले गेले होते, तिथेच ते परत गेले. आणि ज्यांनी नाकारले त्यांच्या सेवेत असताना जी भाषा शिकले, तीच भाषा आता त्यांनी मिशनच्या कामी लावली. मनात अढी धरून राहणाऱ्याला हे जमले नसते, असे मला वाटते. क्षमा केली असे त्यांनी कुठे जाहीर केले नाही, पण त्यांचे परत जाणे बोलके आहे.

जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याने या मंडळींचे स्वागत केले. क्योटो येथे राहायला परवानगी दिली, जागा दिली. तिथे चर्च उभे राहिले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय निघाले. हिदेयोशीचे ते आश्वासन जपानीतून धर्मबंधूंपर्यंत पोचले ते गोन्सालोंच्या तोंडून. न्याय्य बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे की मिशनऱ्यांना हद्दपार करण्याचा १५८७ चा हुकूम त्याने कधी रद्द केला नव्हता. तरीही तीन वर्षे काम त्याच्या डोळ्यांदेखत चालले आणि त्याने चालू दिले.

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीने माल जप्त केला. जहाजाच्या एका अधिकाऱ्याने नकाशा दाखवून स्पेनच्या सामर्थ्याची बढाई मारली आणि आधी मिशनरी जातात, मागून सैन्य येते असे सुचवले, असे सांगितले जाते. एका माणसाच्या बढाईची किंमत दुसऱ्यांनी मोजली. डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांच्या घरांना पहारे बसले.

जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत २४ जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. अंमलदार इशिदा मित्सुनारी याने तो सौम्य केला. मग ऐन थंडीत, धिंड काढत, सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीकडे चालवत नेले. यादीत मॅथायस नावाचा एक जण होता. त्याला हाक मारली तेव्हा तो घरी नव्हता. शेजारी राहणारा दुसरा एक मॅथायस पुढे आला, आपलेही नाव तेच असे म्हणाला आणि रांगेत उभा राहिला. वाटेत कैद्यांची सेवा करायला आलेल्या आणखी दोघांना पहारेकऱ्यांनी यादीत घातले. संख्या २६ झाली.

त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक होते. सर्वात धाकटा लुईस अवघा बारा वर्षांचा. ५ फेब्रुवारी १५९७ च्या सकाळी, नागासाकीजवळ, योहान आणि याकोब या दोन जपानी साथीदारांनी येशूसंघाची व्रते घेतली. गोन्सालो ज्यासाठी वर्षानुवर्षे थांबले, ते त्या दोघांना मरणाच्या दिवशी मिळाले, आणि गोन्सालो फ्रान्सिस्कन झग्यात त्यांच्याबरोबर त्याच निशिझाका टेकडीवर चढले. परंपरा सांगते की त्यांनी स्वतःहून आपला क्रूस कोणता ते विचारले आणि त्याला मिठी मारली. सर्वांना दोराने व लोखंडी कड्यांनी बांधून क्रूस उभे केले. येशूसंघीय पॉल मिकी यांनी क्रुसावरून जमलेल्या लोकांसमोर हिदेयोशीला आणि मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. मग दोन्ही बाजूंनी भाले खुपसण्यात आले.

हिदेयोशी त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, सप्टेंबर १५९८ मध्ये वारला. या सव्वीस जणांना १६२७ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. त्या घटनेच्या शताब्दीला, १९६२ मध्ये, निशिझाका टेकडीवर सव्वीस रक्तसाक्ष्यांचे ब्राँझचे शिल्प उभारण्यात आले. तिथे फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय एकाच रांगेत उभे आहेत, आणि आपले वसईकरही त्याच रांगेत.