उधारी फेडणारा मजूर : वंदनीय मॅट टॅल्बट

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण घरात लग्न निघाले, मुलाच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली, किंवा दुकानदाराने वस्तू आज न्या व पैसे हप्त्याने द्या असे सांगितले, की ती म्हण आपण हळूच बाजूला ठेवतो. मग पगार हातात येण्याआधीच वाटला जातो. कर्ज काढायचे कसे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मात्र कर्ज फेडताना रोजचा दिवस कसा काढायचा, हे सांगणारे फार थोडे. या अंकात आपण अशा एका माणसाची ओळख करून घेऊ या, ज्याने हे जगून दाखवले. तो व्यापारी नव्हता, विद्वान नव्हता, धर्मगुरूही नव्हता. तो होता आयर्लंड देशातील डब्लिन शहराचा एक साधा मजूर, मॅट टॅल्बट.

दारूच्या वासात वाढलेला मुलगा

मॅटचा जन्म २ मे १८५६ रोजी डब्लिनमध्ये झाला. बारा भावंडांत तो दुसरा. वडील चार्ल्स गोदीत कामाला होते. आई एलिझाबेथ लोकांच्या घरी सफाईची कामे करून संसाराला हातभार लावत असे. खाणारी तोंडे जास्त आणि मिळकत थोडी, त्यामुळे या कुटुंबाला वारंवार बिऱ्हाड बदलावे लागले. गरिबांचे डब्लिन त्या काळी कसे होते याची कल्पना एका आकड्यावरून येईल. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी चौकशी अहवालानुसार शहरातील वीस हजारांहून अधिक कुटुंबे एकेका खोलीत राहत होती.

वयाच्या बाराव्या वर्षीच मॅटची शाळा सुटली आणि तो दारूच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला लागला. तिथे दारू बाटल्यांत भरली जाई. मुले उरलीसुरली चाखत. मॅटही चाखू लागला आणि वर्षभरात झिंगून घरी येऊ लागला. वडिलांनी त्याला बदडले, ती नोकरी सोडायला लावली आणि आपल्या नजरेखाली राहावा म्हणून गोदीत कामाला लावले. पण तिथे होती व्हिस्कीची गोदामे! म्हणजे मुलगा आगीतून निघून फुफाट्यात पडला. पुढे वडिलांची मान खाली जाऊ नये म्हणून त्याने तीही नोकरी सोडली आणि बांधकामावर विटा व चुना वाहणारा बिगारी झाला.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मॅट कामचुकार मुळीच नव्हता. विटा वाहण्यात तो सर्वांच्या पुढे असे. पण शनिवारी मजुरी हातात पडली की ती थेट दारूच्या गुत्त्यावर जाई. स्वतः प्यायची आणि मित्रांनाही पाजायची. पैसे संपले की उधारी. उधारी मिळेनाशी झाली की पायांतले बूटसुद्धा गहाण. एकदा तर त्याने व मित्रांनी रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका गरीब माणसाचे व्हायोलिन चोरले आणि ते विकून दारू प्यायली. त्या माणसाची रोजीरोटीच गेली. आईच्या हाती मात्र मुलाच्या मजुरीतले फारसे काही पडत नसे. अशी सोळा वर्षे गेली.

तीन महिन्यांची शपथ

१८८४ साल. मॅट अठ्ठावीस वर्षांचा होता. तो आठवडाभर कामावर गेला नव्हता, त्यामुळे शनिवारी खिशात दमडी नव्हती. मजुरी घेऊन येणारे मित्र आपल्याला पाजतील, या आशेने तो कोपऱ्यावर उभा राहिला. त्याने इतक्या वेळा त्यांना पाजले होते! मित्र आले, कोणी हात केला, कोणी तेवढेही केले नाही आणि सगळे आत निघून गेले. एकानेही त्याला बोलावले नाही.

मॅट घरी परतला. भर दुपारी आणि शुद्धीवर असलेला मुलगा पाहून आईला नवल वाटले. दारू सोडण्याची शपथ घेणार असल्याचे त्याने तिला सांगितले. आईने भाबडा आनंद दाखवला नाही. पाळायची असेल तरच शपथ घे, नाहीतर घेऊ नकोस, असे तिने बजावले. मॅट क्लॉनलिफ येथील होली क्रॉस कॉलेजात गेला, तेथील धर्मगुरूंजवळ पापनिवेदन केले आणि शपथ घेतली. मात्र ती जन्मभराची नव्हती. आपली ताकद त्याला ठाऊक होती, म्हणून त्याने फक्त तीन महिन्यांची शपथ घेतली. ती पाळली गेल्यावर पुढची मुदत घेतली आणि मग जन्मभराची. दुसऱ्या दिवशी, रविवारी, अनेक वर्षांनी त्याने ख्रिस्तशरीर स्वीकारले.

कर्जाचेही असेच असते. यापुढे कधीच कर्ज काढणार नाही, अशी मोठी घोषणा करणारा माणूस दोन महिन्यांत पुन्हा सावकाराच्या दारात दिसतो. आपल्याला झेपेल एवढाच शब्द द्यावा, तो पाळावा आणि मग पुढचा शब्द द्यावा, हे मॅटला उमगले होते.

रिकामा खिसा

पहिले महिने फार कठीण गेले. एकदा खिशात पैसे असताना तो मोहाने एका गुत्त्यात शिरला. तिथे गर्दी होती, वाढणाऱ्याचे त्याच्याकडे लक्षच गेले नाही. तो तडक बाहेर पडला, चर्चमध्ये गेला आणि दारे बंद होईपर्यंत तिथेच बसून राहिला. त्या दिवसापासून त्याने एक नियम केला. बाहेर पडताना खिशात पैसे ठेवायचे नाहीत.

आपल्याला हा उपाय अगदी साधा वाटेल, पण त्यात मोठे शहाणपण आहे. मॅटने मनावर सगळा भरवसा टाकला नाही. मन दुबळे आहे हे मान्य करून त्याने मोहाची वाटच बंद केली. संध्याकाळची वेळ सर्वांत धोक्याची, कारण तेव्हा मित्र भेटत. ती वेळ त्याने देवमंदिरात प्रार्थनेला दिली. सकाळी कामावर जाण्यापूर्वी पाच वाजताची मिस्सा त्याने नेमाची केली. पुढे त्याने तंबाखूही सोडली.

मग उधारी. जिथे जिथे त्याच्या नावावर पैसे मांडलेले होते, ते ते गुत्ते त्याने आठवून काढले आणि आपल्या मजुरीतून प्रत्येकाचे पैसे चुकते केले. मजुरी वाढलेली नव्हती, कुठून वारसाही मिळाला नव्हता. तीच मजुरी, तेच कष्ट. जो पैसा पूर्वी गुत्त्यात जाई, तोच आता घरी आणि देणेकऱ्यांकडे जाऊ लागला. कोणी म्हणेल, दारूवाल्याचे पैसे काय फेडायचे, त्याने तर याला लुबाडलेच! मॅटने तसा हिशेब केला नाही. ज्याचे घेतले त्याचे द्यायचे, एवढेच त्याला ठाऊक होते.

न फेडता आलेले एक ऋण

एक देणे मात्र राहून गेले, ते त्या व्हायोलिनवाल्याचे. त्याच्याकडे ना वही होती, ना मॅटची सही. तो कधी वसुलीला येणार नव्हता. तरीही मॅट त्याला शोधत राहिला. रस्ते पालथे घातले, निराधारांच्या आश्रमांत चौकशी केली. तो सापडला नाही. शेवटी तो मरण पावला असावा असे समजून मॅटने त्याच्यासाठी ठेवलेल्या पैशांतून त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा अर्पण करविल्या.

आम्हांला वाटते, मॅटच्या चरित्राचे सार इथे आहे. बँकेची किंवा पतपेढीची नोटीस येते, म्हणून तिचा हप्ता आपण कसाबसा भरतो. पण भावाने अडीअडचणीला दिलेले पैसे, घरकामाच्या बाईचा राहिलेला पगार, मासेवालीची उधारी, वाडीतल्या किराणा दुकानदाराच्या वहीतली जुनी रक्कम यांची नोटीस येत नाही. ज्याला मागायची लाज वाटते, त्याचेच पैसे आपण शेवटी ठेवतो. मॅटने मात्र ज्याला मागता येणार नव्हते, त्यालाही आपला सावकार मानले.

फेडून झाल्यावर

कर्ज फिटले की माणसाला मोकळे वाटते आणि हात पुन्हा सैल सुटतो. मॅटच्या बाबतीत तसे झाले नाही. नंतरच्या काळात तो लाकडाच्या एका वखारीत कामाला होता. राहायला एक साधी खोली, झोपायला लाकडाची फळी, उशाला लाकडाचा ठोकळा. जेवण बहुधा कोरडा पाव आणि कोको. आई त्याच्याकडेच राहत होती, १९१५ साली ती वारली. १८९० साली तो संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचा सभासद झाला. शाळा अर्धवट राहिलेला हा मजूर बायबल आणि संतचरित्रे अडखळत अडखळत वाचू लागला.

१९१३ साली डब्लिनमध्ये मोठी टाळेबंदी झाली. हजारो कामगार महिनोन्‌महिने घरी बसले. त्या सुमारास शहरातील अकुशल मजुराची आठवड्याची मजुरी साधारण १८ शिलिंग, म्हणजे एक पौंडही भरत नसे. तीही बंद झाली. युनियनकडून मिळणारा भत्ता मॅटने स्वतःसाठी ठेवला नाही, मुलेबाळे असलेल्या सोबत्यांना द्यायला लावला. शेवटच्या आजारपणात, दीड वर्ष हाताला काम नसताना, चीनमधील मिशनकार्यासाठी त्याने स्वतःचा एक पौंड आणि बहिणीचे दहा शिलिंग पाठवून दिले.

इथे एक खुलासा करायला हवा. मॅटचे उपवास आणि देहदंड फार कडक होते. ती त्याची वैयक्तिक तपस्या होती. तो अविवाहित होता. बायकामुले असलेल्या माणसाने मुलांच्या ताटातले काढून तशी तपस्या करावी, असे कोणी म्हणणार नाही. आपण घ्यायचे ते एवढेच, की गरज आणि हौस यांतला फरक त्याने नीट ओळखला आणि उरलेला पैसा आपलाच आहे असे मानले नाही.

७ जून १९२५, पवित्र त्रैक्याचा रविवार. मिस्साला जात असताना डब्लिनच्या ग्रॅन्बी गल्लीत मॅट कोसळला आणि तिथेच त्याने प्राण सोडला. इस्पितळात नेल्यावर त्याच्या अंगावर प्रायश्चित्ताच्या साखळ्या आढळल्या. त्याची ओळख पटेल असे जवळ काही नव्हते, बहिणीने येऊन त्याला ओळखले. १९७५ साली पोप पौल सहावे यांनी त्यांना वंदनीय म्हणून घोषित केले. १९७८ साली डब्लिनमधील लिफी नदीवरील एका पुलाला त्यांचे नाव देण्यात आले. दारूच्या व्यसनातून सुटू पाहणारे अनेक देशांतील लोक आज त्यांच्या मध्यस्थीची याचना करतात.

आपल्यासाठी

प्रत्येक कर्ज व्यसनातून येत नाही. कोणाच्या घरी आजारपण येते, कोणाची नोकरी जाते, कोणाची होडी किंवा बागायत एका वादळात बसते. अशा कुटुंबाला आपण नावे ठेवू नयेत, उलट हात द्यावा. पण कारण काहीही असो, फेडण्याची वाट मॅटच्याच वाटेसारखी आहे.

येत्या रविवारी मिस्सानंतर नवराबायकोने एकत्र बसावे. वही घेऊन सगळी देणी लिहून काढावीत, मोठी आणि लहानही, कागद असलेली आणि कागद नसलेली. एकमेकांपासून काही लपवू नये. तीन महिने नवी उधारी करायची नाही, एवढाच शब्द द्यावा. ज्या वाटेने पैसा गळतो ती वाट बंद करावी. मग ते क्रेडिट कार्ड असो, संध्याकाळचा अड्डा असो किंवा शेजाऱ्याच्या बरोबरीने वाढदिवस करण्याची हौस असो. आणि पहिल्या महिन्यात थोडेच पैसे बाजूला पडले, तर ते अशा माणसाकडे न्यावेत, जो कधी मागायला येणार नाही. रक्कम लहान असली तरी चालेल. ती घेऊन आपण त्याच्या दारात उभे राहिलो, की मान वर करून चालण्याची सुरुवात तिथूनच होईल.