बंद पाकिटातील नाव : गणितज्ञ सोफिया कोवालेव्हस्काया

वसतिगृहाच्या अंगणात कधी भोवरा फिरवलाच नाही असा विद्यार्थी विरळा. स्थिर भोवरा आरेवर क्षणभरही उभा राहत नाही. तोच भोवरा वेगाने फिरू लागला की तिरपा होऊनही पडत नाही. उलट त्याचा अक्ष हवेत सावकाश वर्तुळ काढत राहतो. मुलांच्या लेखी हा खेळ आहे. परंतु युरोपातील थोर गणितज्ञांना या खेळातील कोड्याने शंभर वर्षांहून अधिक काळ झुंजवले. त्या कोड्याची शेवटची मोठी उकल एका स्त्रीने केली, आणि तिच्या स्वतःच्या देशात विद्यापीठाचे दार स्त्रियांना बंद होते.

सोफिया यांचा जन्म 15 जानेवारी 1850 रोजी मॉस्को येथे झाला. वडील वासिली कोर्विन-क्रुकोव्हस्की हे रशियन तोफखान्यातील अधिकारी होते. निवृत्तीनंतर कुटुंब पालिबिनो येथील आपल्या जमीनदारीवर राहावयास गेले. इतिहास सांगताना हे नोंदवलेच पाहिजे की दारिद्र्य तिच्या वाट्याला आले नाही. तिच्या बालपणी, 1861 पर्यंत, रशियातील जमीनदार जमिनीबरोबर माणसांचेही मालक होते आणि तिचे घर त्याच वर्गातले होते. तरीही मुलीच्या जन्माला आल्याने ज्ञानाची वाट अडते, हे तिला त्या सुखवस्तू घरातच उमगले.

घराला नवा भिंतकागद लावताना मुलांच्या खोलीपुरता तो कमी पडला. तेव्हा वडिलांच्या तरुणपणातील कलनशास्त्राच्या व्याख्यानांची छापील पाने त्या भिंतींना चिकटवण्यात आली. ती व्याख्याने ओस्त्रोग्राडस्की या नामवंत गणितज्ञाची होती. लहानगी सोफिया त्या अनाकलनीय चिन्हांपुढे तासन्‌तास उभी राही. पुढे शेजारी राहणारे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक तिर्तोव्ह यांचे पुस्तक तिच्या हाती आले. प्रकाशाच्या प्रकरणात त्रिकोणमिती लागत होती आणि ती तर तिला कोणी शिकवली नव्हती. तिने त्या सूत्रांचा अर्थ स्वतःच्या बुद्धीने शोधून काढला. तिर्तोव्ह थक्क झाले आणि मुलीला गणित शिकू द्यावे म्हणून त्यांनी वडिलांचे मन वळवले. सेंट पीटर्सबर्ग येथे स्त्रान्नोल्युब्स्की या शिक्षकाने तिला उच्च गणिताची दीक्षा दिली.

यापुढची वाट मात्र बंद होती. रशियन विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि परदेशी जायचे तर वडिलांची किंवा पतीची संमती आवश्यक होती. म्हणून 1868 मध्ये त्यांनी व्लादिमिर कोवालेव्हस्की या विज्ञानाभ्यासी तरुणाशी विवाह केला. हा विवाह प्रथम केवळ कागदोपत्री होता; शिकू इच्छिणाऱ्या अनेक रशियन तरुणींनी त्या काळी हाच मार्ग पत्करला होता. 1869 मध्ये त्या जर्मनीतील हायडेलबर्गला पोहोचल्या. तेथे प्रत्येक प्राध्यापकाची वेगळी परवानगी मिळवून त्यांना वर्गात बसावे लागले. 1870 मध्ये त्या बर्लिनला कार्ल वायरस्ट्रास यांच्याकडे गेल्या. वायरस्ट्रास यांनी परीक्षा पाहण्यासाठी दिलेली कठीण उदाहरणे त्यांनी सोडवून आणली. गुरूची खात्री पटली, विद्यापीठाची पटली नाही. वर्गाचे दार उघडेना, तेव्हा वायरस्ट्रास यांनी त्यांना चार वर्षे खाजगीरीत्या शिकवले.

1874 मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट दिली. त्यासाठी त्यांनी एक नव्हे, तीन प्रबंध सादर केले होते. त्यांपैकी एक शनीच्या कड्यांच्या आकाराविषयी होता. दुसऱ्यातील आंशिक अवकल समीकरणांचा सिद्धान्त आज कोशी आणि कोवालेव्हस्काया यांच्या जोडनावाने शिकवला जातो. एवढी विद्या घेऊन त्या मायदेशी परतल्या, तेव्हा मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना अंकगणित शिकवणे एवढेच काम त्यांच्यासाठी खुले होते. काही वर्षे गणित बाजूला पडले. 1878 मध्ये कन्या झाली. पतीचे व्यवहार बुडाले आणि 1883 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. तेहतिसाव्या वर्षी वैधव्य, हाताशी लहान मूल आणि उत्पन्नाचे साधन नाही, अशा अवस्थेत सोफिया पुन्हा गणिताकडे वळल्या.

वायरस्ट्रास यांचेच शिष्य मिटाग-लेफ्लर यांनी त्यांना स्टॉकहोम येथील नव्या उच्च शिक्षणसंस्थेत बोलावले. आरंभी त्यांना नियमित वेतन नव्हते. पहिली व्याख्याने त्यांनी जर्मनमध्ये दिली आणि लवकरच स्वीडिश भाषा आत्मसात करून त्या भाषेत शिकवू लागल्या. 1884 मध्ये पाच वर्षांच्या मुदतीने त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. येथेच त्यांनी भोवऱ्याचा प्रश्न हाती घेतला.

तो प्रश्न असा. ज्या पदार्थाच्या कणाकणांतील अंतरे हालचालीत बदलत नाहीत, त्याला दृढ पिंड म्हणतात. असा पिंड एका बिंदूवर टेकलेला आहे आणि गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत आहे. तर पुढच्या प्रत्येक क्षणी तो कसा असेल? गतीचे नियम न्यूटनने सांगितलेले होते आणि समीकरणे ऑयलरने लिहून ठेवलेली होती. तरीही उत्तर हाती येत नव्हते, हाच यातील विरोधाभास. ती समीकरणे सोडवण्यास गतीच्या ओघात न बदलणाऱ्या चार राशी लागतात. त्यांपैकी तीन नेहमीच मिळतात. पिंडाची एकूण ऊर्जा ही त्यांतलीच एक. चौथी मात्र सहसा सापडत नाही. पिंड आपल्या गुरुत्वमध्यावरच टेकलेला असेल, तर ती मिळते, हे ऑयलरने दाखवले. भोवरा सर्व बाजूंनी सारखा आणि गुरुत्वमध्य त्याच्या अक्षावर असेल, तरीही ती मिळते, हे लाग्रांजच्या 1788 च्या ग्रंथात आले. त्यानंतर शंभर वर्षे कोणालाही नवा प्रकार सापडला नाही.

सोफिया यांनी प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. काळ ही साधी संख्या न मानता त्यांनी ती संमिश्र संख्या मानली आणि कोणत्या भोवऱ्याची गती अशा विस्तारातही सुघड राहील, असा प्रश्न केला. या कसोटीला ऑयलर आणि लाग्रांज यांचे प्रकार उतरले आणि त्यांच्याबरोबर एक अनपेक्षित तिसराही उतरला. हा भोवरा विचित्र आहे. त्याचे दोन मुख्य अक्षांभोवतीचे जडत्व परिबल समान असते, तिसऱ्याभोवतीचे त्याच्या निम्मे असते आणि गुरुत्वमध्य मधल्या अक्षावर नसून बाजूला सरकलेला असतो. म्हणजे तो भोवरा कललेला, असमतोल भासणारा. तरीही त्याची चौथी राशी सोफिया यांनी शोधली आणि त्याची गती संपूर्णपणे सूत्रांत मांडली.

फ्रेंच विज्ञान अकादमीने 1888 च्या बोर्दाँ पारितोषिकासाठी हाच विषय ठेवला होता. स्पर्धेचा नियम लक्षात घेण्यासारखा आहे. निबंधावर लेखकाचे नाव नसे, केवळ एक बोधवाक्य असे. तेच बोधवाक्य एका मोहोरबंद पाकिटावर लिहून नाव आत ठेवले जाई आणि निर्णयानंतरच पाकीट उघडले जाई. सोफिया या प्रश्नावर काम करीत आहेत, हे पॅरिसमधील काही गणितज्ञांना ठाऊक होते; तरीही तोलायचा होता तो निबंध. परीक्षकांना तो इतका मोलाचा वाटला की पारितोषिकाची रक्कम 3000 फ्रँकवरून 5000 फ्रँक करण्यात आली. 24 डिसेंबर 1888 रोजी सोफिया यांनी ते स्वीकारले.

पाकीट उघडल्यानंतर काय झाले, हेही सांगितले पाहिजे. 1889 मध्ये स्टॉकहोमने त्यांना कायमचे प्राध्यापकपद दिले. त्याच वर्षी रशियन विज्ञान अकादमीने स्त्रियांच्या निवडीस वाव मिळावा म्हणून नियम बदलला आणि त्यांना पत्रव्यवहारी सदस्यत्व दिले. परंतु मायदेशी शिकवण्याचे पद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. सन्मान मिळाला, आसन मिळाले नाही. 1891 च्या आरंभी फ्रान्सहून स्टॉकहोमला परतताना त्या आजारी पडल्या आणि 10 फेब्रुवारी रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय अवघे 41 होते. कन्या बारा वर्षांची होती. पुढे 1906 मध्ये फ्रेंच गणितज्ञ हुसाँ यांनी सिद्ध केले की चौथी राशी बीजगणिती स्वरूपात मिळावी असा चौथा सर्वसाधारण प्रकार अस्तित्वातच नाही. तेव्हापासून ती यादी ऑयलर, लाग्रांज आणि कोवालेव्हस्काया या तीन नावांवर पूर्ण झाली.

आपल्या शाळेचे विद्यार्थी दहावी-बारावीच्या परीक्षेस बसतात, तेव्हा उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांक असतो, नाव नसते. तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही, गाव दिसत नाही. ही साधी वाटणारी व्यवस्था त्या मोहोरबंद पाकिटाच्याच जातकुळीतली आहे आणि तिने किती घरांचे भाग्य पालटले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. मात्र मुलाखतीच्या खोलीत क्रमांक संपतो आणि नाव सुरू होते. वर्गात पहिली येणारी माझी एक विद्यार्थिनी अशाच एका मुलाखतीहून परतली, तेव्हा तिला विषयावर एक प्रश्न विचारला गेला होता आणि आडनावावर तीन.

तिला मी सोफिया कोवालेव्हस्काया यांचे चरित्र सांगितले, सांत्वनासाठी नव्हे. झाकलेले नाव निबंधाला न्याय देऊ शकते, माणसाला न्याय मिळण्यासाठी समाजाचा नियमच बदलावा लागतो, हे दोन्ही त्या आयुष्यात एकाच वेळी दिसते. नियम बदलेपर्यंत निबंध मात्र असा लिहावा की तो तोलताना परीक्षकाला रक्कम वाढवावी लागेल. ती मुलगी आज एका महाविद्यालयात गणित शिकवते.