खाणीतल्या हवेचा विचार करणारे अ‍ॅग्रिकोला

जॉर्ज अ‍ॅग्रिकोला यांचे मूळ आडनाव बाउअर, म्हणजे शेतकरी. त्या काळचे विद्वान आपल्या नावाचे लॅटिन रूप करून घेत, म्हणून ते अ‍ॅग्रिकोला झाले. २४ मार्च १४९४ रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात त्यांचा जन्म झाला. आधी ते ग्रीक व लॅटिनचे शिक्षक होते. पुढे इटलीत वैद्यक शिकून १५२७ साली योआखिम्सथाल येथे नगरवैद्य झाले.

हे गाव चांदीच्या खाणींचे. (इथल्या नाण्याला 'थालर' म्हणत, 'डॉलर' हा शब्द त्यावरूनच आला!) अ‍ॅग्रिकोला सवड मिळताच खाणी पाहत, कामगारांशी बोलत. खाणीत राबणाऱ्यांना धाप लागे, फुप्फुसे झिजत आणि भर तारुण्यात मरण येई. कार्पेथियन डोंगरांतील खाणींजवळ तर काही स्त्रियांचे एकामागून एक सात नवरे या रोगाने गेले, अशी त्यांची नोंद आहे.

खाणीत भुते असतात असे तेही मानत. शेवटी सोळाव्या शतकातला माणूस! पण रोगाचे कारण त्यांनी धूळ आणि कोंडलेली हवा हेच सांगितले. तोंडावर फडके बांधा, भाते व पंखे लावून खाणीत ताजी हवा खेळवा, असे उपाय त्यांनी 'दे रे मेटालिका' या ग्रंथात चित्रांसह दिले. ग्रंथ छापून आला १५५६ साली. ते मात्र आदल्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १५५५ रोजी वारले होते.

१८७९ साली जवळच्याच श्नेबर्गच्या खाणकामगारांमधील हा रोग म्हणजे फुप्फुसातील गाठी, असे दोन डॉक्टरांनी दाखवले. तो कर्करोग होता. योआखिम्सथालच्या ज्या काळ्या खनिजातून मेरी क्युरी यांनी रेडियम मिळवले, त्यातील युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. श्वासाबरोबर आत गेलेले त्याचे किरणोत्सारी कण फुप्फुसाला चिकटतात. अ‍ॅग्रिकोलांना दिसली ती धूळ. हा वायू सापडला १९०० च्या सुमारास.

रेडॉन केवळ खाणीत नसतो. जमिनीतून, फरशीच्या भेगांतून तो तळघरात आणि तळमजल्यावरच्या बंद खोल्यांतही साठतो. धूम्रपान करणाऱ्याला त्याचा धोका कितीतरी अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरासाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही पातळी सुचवली. ती ओलांडली, तर थंड देशांत भेगा बुजवतात आणि जमिनीखाली नळी घालून पंख्याने वायू बाहेर ओढतात. अ‍ॅग्रिकोलांच्या चित्रांतले पंखे आणि भाते माणसे, घोडे आणि पाणी चालवत असत, एवढाच काय तो फरक.